वनातले सुख आणि करस्थलातला एकांत



गेल्या कार्तिकात सौंसर भागात आमचा चार दिवस मुक्काम होता. हा भाग मध्य प्रदेशात मोडतो. २०२३ साली छिंदवाडा जिल्ह्यातून वेगळ्या काढलेल्या पांढुर्णा जिल्ह्यात तो आता आहे. राज्य कोणतेही असो, चुलीपाशी मराठीच बोलली जाते, शेतात कापूस आणि संत्रा उभा असतो आणि मान वर केली की सातपुड्याची निळी रेघ दिसते. शनिवारी यजमान म्हणाले, "महाराज, जामसांवलीला चक्कर टाकू." आम्ही निघालो.

आता आपल्यापैकी एखाद्या इष्टलिंगनिष्ठ वाचकाची भुवई वर जाईल, की स्वामी मारुतीच्या देवळात कशाला गेले? तर पूजेला गेलो नव्हतो, माणसे पाहावयास गेलो होतो. जामसांवलीचा मारुती इतर मारुतींसारखा उभा नाही. पिंपळाखाली तो पहुडलेला आहे. या ठिकाणी केवळ नवस फेडणारेच येत नाहीत. ज्यांचे चित्त ठिकाणावर नाही अशा आपल्या माणसांना घेऊन नातेवाईक येतात, काही दिवस मुक्काम करतात. कोणी म्हातारी आपल्या तरण्याताठ्या मुलाचा हात घट्ट धरून बसलेली असते. मुलगा भलतीकडेच पाहत असतो. मनःशांती हा शब्द आपण प्रवचनात फार सहज वापरतो. तिची किंमत काय, हे अशा ठिकाणी अर्धा तास बसले की कळते.

तेथेच सावलीत आमच्याबरोबर आलेल्या एका गृहस्थांनी विषय काढला. वय पंचेचाळिशीचे, संत्र्याची बाग, शिवाय गावात खताचे दुकान. बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "महाराज, मले आता काहीच नको वाटते. घरी बसलो तरी डोक्यात बाजार भरते. तामियाकडं, पातालकोटाच्या जंगलात एखादी झोपडी पाहून राहावं म्हणतो. तिथं तरी शांती भेटन."

आम्ही प्रथम शास्त्र सांगितले नाही. झोप लागते का, जेवण जाते का, जीव नकोसा वाटतो का, हे विचारले. भक्तहो, हे विचारणे गुरूचेही काम आहे. सगळे सोडून द्यावेसे वाटणे हे प्रत्येक वेळी वैराग्यच असते असे नाही. कधी तो आजार असतो, आणि आजाराला औषध असते. आठवडेच्या आठवडे झोप नसेल, जगण्यातच रस उरला नसेल, तर मठात येण्याआधी डॉक्टरांकडे जावे. सरकारने २०२२ पासून १४४१६ हा दूरध्वनी क्रमांक अशा मानसिक त्रासासाठीच चालविला आहे, तेथे बोलण्यात कमीपणा मुळीच नाही. आमच्या गृहस्थांना झोप होती, भूक होती. आजार नव्हता, उबग होता. मग पुढचे बोलणे सुरू झाले.

पातालकोट ही तामियाजवळची खोल दरी. वरून पाहिले की खाली धुके आणि झाडांचे शेंडे दिसतात. शहराला कंटाळलेल्या माणसाला वाटते, येथे कोणी नाही. परंतु तेथे भारिया आणि गोंड लोक पिढ्यान्‌पिढ्या नांदत आहेत. आपण वनात राहतो असे त्यांना वाटत नाही, ते आपल्या गावात राहतात. कोदो-कुटकी पेरतात, मोह वेचतात, लेकीबाळींची लग्ने लावतात. ज्याला आपण निर्जन म्हणतो ते बहुधा दुसऱ्या कोणाचे तरी अंगण असते. आणि अंगण नसेल तर ते राखीव वन असते. आज कोणी वल्कले नेसून पेंचच्या व्याघ्रप्रकल्पात पर्णकुटी बांधू लागला, तर वाघ येण्याच्या आधी वनखात्याचा गार्ड येईल. हे ऐकून गृहस्थ हसले. हसू आले याचा आम्हाला आनंद झाला, पण प्रश्न तेवढ्याने सुटत नव्हता.

तो सुटत नाही हे आम्हाला ठाऊक होते, कारण १९९४ साली, वयाच्या चोविसाव्या वर्षी, आम्ही स्वतः हेच केले होते. मठात तेव्हा वाद माजला होता. कोणाचा हक्क किती, जमिनीचा कागद कोणाच्या नावे, हेच दिवसरात्र कानावर येई. काशीहून संस्कृत शिकून आलेल्या तरुणाला ते फार क्षुद्र वाटले. कोणालाही न सांगता आम्ही श्रीशैलास गेलो. पाताळगंगेच्या पायऱ्या उतरून कृष्णेच्या जलाशयातून नावेने पलीकडे गेलो. अक्कमहादेवींनी जेथे देह ठेवला त्या कदलीवनाच्या बाजूस एका कपारीपाशी राहिलो. पहिले आठ दिवस जे सुख लाभले ते खोटे होते असे आजही म्हणवत नाही. पहाटेचा नल्लमलचा वारा, पाण्याचा आवाज, आणि कोणी हाक मारणारे नाही.

नवव्या-दहाव्या दिवसापासून वानरांचा राग येऊ लागला. मग शेजारच्या कपारीत एक साधू राहावयास आला, त्याचाही राग येऊ लागला. तो झऱ्यावर आमच्याआधी जाई आणि पाणी गढूळ करी. एके दिवशी सकाळी ध्यानाला बसलो असता मनात आले, ही जागा आधी कोणाची, त्याची की आमची? आणि दचकलो. मठातला कागद आम्ही मठातच टाकून आलो होतो, पण भांडण मात्र नावेत बसवून बरोबर आणले होते. त्याच सुमारास मध काढणारा एक चेंचू गृहस्थ तेथून जात असे. चेंचू हे त्या वनाचे मूळ रहिवासी. श्रीशैलाच्या मल्लय्याला ते आपला जावई मानतात. त्याने आमची चौकशी केली. मोडक्यातोडक्या तेलुगूत आम्ही वैराग्य वगैरे सांगितले. ते ऐकून घेऊन त्याने विचारले, "तू येथे आहेस हे घरी ठाऊक आहे का?" शांकरभाष्य पाठ होते, पण या प्रश्नाचे उत्तर आमच्याजवळ नव्हते. चाळिसाव्या दिवशी परतलो. गुरूंनी काही विचारले नाही. दासोहाच्या हिशेबाची वही पुढे केली आणि म्हणाले, "दीड महिन्याचे लिहावयाचे राहिले आहे."

आता वचनाकडे येऊ. अक्कमहादेवींचे एक वचन आपल्या घराघरांत म्हटले जाते. डोंगर, समुद्रतीर आणि बाजार ही तीन ठिकाणे त्यात एकामागून एक येतात. वचन येथे उतरवून देत नाही. वाचकांनी वचनसंपुट काढून समोर ठेवावे, म्हणजे पुढील विवेचन नीट लागेल. जेथे घर केले तेथील स्वभावधर्माला भिऊन चालत नाही, आणि या लोकी जन्म घेतला की स्तुतिनिंदा यावयाचीच, तेव्हा मन कडवट होऊ देऊ नये, असा त्याचा आशय. प्रवचनकार बहुधा बाजारावर भर देतात. संसारी माणसाला धीर द्यावयाचा असतो, म्हणून ते योग्यही आहे. परंतु आमचे लक्ष या वेळी दुसऱ्याच गोष्टीकडे गेले. अक्का डोंगराला बाजारासमोर उभे करीत नाहीत. डोंगरावर शांतता आणि बाजारात गडबड, म्हणून डोंगर निवडा, असे त्या म्हणत नाहीत. दोन्ही एकाच पंगतीला बसविली आहेत. बाजाराचे जसे भय आहे तसे डोंगराचेही भय आहे, आणि पहिला क्रम डोंगराचा लावला आहे. हे सांगणारी कोण? जिने पुढे डोंगरच जवळ केला ती. वनाविषयी अक्कांइतका अधिकार कोणाचा असणार? आणि त्यांनीच वनाला निर्भय म्हटलेले नाही.

येथे गृहस्थांनी मध्येच अडविले. म्हणाले, "पण महाराज, अक्का गेल्याच ना?"

प्रश्न रास्त होता. त्याचे उत्तर देण्यापूर्वी आम्ही त्यांना दुसरी कथा सांगितली, जी सोलापूरकडच्या आपल्या लोकांना अंगाईपासून ठाऊक असते, पण इकडे फारशी सांगितली जात नाही.

बाराव्या शतकातले सोन्नलिगे, म्हणजे आजचे सोलापूर. मुद्दगौडा आणि सुग्गव्वा यांचा मुलगा सिद्धराम. लोक त्याला मंद समजत. तो रानात गुरे राखी. राघवांक कवीने सिद्धरामचरित्रात ही कथा कन्नडात गायिली आहे. एके दिवशी रानात एक जंगम आला. नाव विचारले तर मल्लय्या म्हणाला. मुलाजवळ जे होते ते त्याने खाल्ले आणि मग दहीभाताची इच्छा दर्शविली. मुलगा धावत घरी गेला, आईकडून दहीभात घेतला, धापा टाकीत परत आला, तो जंगम तेथे नाही. "मल्लय्या, मल्लय्या" अशा हाका मारीत पोर रानोमाळ हिंडले. श्रीशैलाच्या वाटेवरचे यात्रेकरू भेटले, ते म्हणाले, मल्लय्या आम्ही दाखवितो. ते त्याला घेऊन गेले आणि मंदिरात लिंगासमोर उभे केले. पोर म्हणाले, हा नव्हे, माझ्याकडे दहीभात मागितला तो पाहिजे. आणि ते डोंगरात शिरले. दिवस गेले, पाय फुटले, मल्लय्या दिसेना. शेवटी एका खोल दरीच्या काठाशी येऊन त्याने देह टाकण्याचे ठरविले, आणि तेथे मल्लय्याने त्याला धरले.

कथा येथे संपली असती तर ती वनात जाणाऱ्याच्या बाजूची साक्ष झाली असती. घर सोडले, अरण्यात गेला, देव भेटला. पण धरलेल्या मुलाला मल्लिकार्जुनाने जवळ ठेवून घेतले नाही. सोन्नलिगेस परत जा, तेच दुसरे श्रीशैल कर, असे सांगून पाठवून दिले. ज्याच्यासाठी घर सोडले त्यानेच घरी धाडले! सिद्धराम परतले. तळे खोदले, ६८ लिंगे स्थापिली, अन्नछत्र घातले, गोरगरिबांची लग्ने लावून दिली. ते तळे आजही सोलापूर शहराच्या मध्यभागी, किल्ल्याला लागून आहे. दर संक्रांतीला सात नंदीध्वज निघतात आणि लक्षावधी लोक गोळा होतात. श्रीशैलाच्या दरीतून एक मुलगा परत आला नसता तर यातले काय असते?

असेच म. बसवेश्वरांचे. त्यांनीही तरुणपणी बागेवाडीचे घर सोडले आणि कृष्णा-मलप्रभेच्या संगमावर कूडलसंगमास राहिले. विद्या, पूजा, नदी आणि एकांत, यापरते काही नको होते. हरिहर कवी सांगतो की संगमनाथाने त्यांना मंगळवेढ्यास, बिज्जळाच्या नगरीस जावयास सांगितले, तेव्हा ते व्याकूळ झाले. संगम सोडवेना. तरी ते गेले. मंगळवेढ्याच्या कचेरीत हिशेबाच्या कामावर बसले, आणि तेथून पुढे कल्याण, अनुभवमंटप, सगळे घडले. गंमत पाहा, सोलापूर आणि मंगळवेढे दोन्ही आज एकाच जिल्ह्यात, आपल्या मराठी मुलखात आहेत. डोंगराने एकाला आणि नदीने दुसऱ्याला परत पाठविले ते याच मुलखात.

म्हणून आम्ही त्या गृहस्थांना म्हणालो, जाऊ नका असे शरणांनी सांगितलेले नाही. सिद्धराम गेले, बसवण्णा गेले. शरणांची अंकिते पाहा. बसवण्णांचा कूडलसंगमदेव नदीकाठचा, अल्लमप्रभूंचा गुहेश्वर गुहेतला, सिद्धरामांचा कपिलसिद्ध मल्लिकार्जुन आणि अक्कांचा चन्नमल्लिकार्जुन दोन्ही श्रीशैलाच्या शिखरावरचे. एकांताची चव यांनी चांगली घेतली होती. जाणाऱ्याला विचारावयाचे ते इतकेच, की डोंगराने परत पाठविले तर ऐकणार आहात का? जो "परत येणारच नाही" असे ठरवून निघतो तो डोंगराकडे जातच नाही. तो फक्त बाजाराकडे पाठ करतो. पाठ केलेल्या माणसाला समोर काय आहे ते दिसते, पण त्याचे सगळे लक्ष पाठीमागेच असते. चाळीस दिवस कपारीत बसून आमचे तेच झाले होते.

अमेरिकेतील थोरो, ज्यांचे लेखन महात्मा गांधींना प्रिय होते, ते १८४५ साली वाल्डन तळ्याकाठी झोपडी बांधून एकटे राहिले आणि दोन वर्षे दोन महिन्यांनी परत आले. त्यांच्याविषयी बोलताना लोक ती दोन वर्षेच आठवतात, परत येणे आठवीत नाहीत.

परंतु येथे थांबलो असतो तर अर्धेच सांगितल्यासारखे झाले असते. परत आले, काम केले, म्हणजे शांती मिळाली का? सिद्धरामांना मिळाली नव्हती. शून्यसंपादनेतील तो प्रसंग फार मोलाचा आहे. अल्लमप्रभू सोन्नलिगेस आले. तळ्याचे काम चालू होते, हजारो हात दगडमाती वाहत होते. प्रभूंनी मुद्दाम विचारले, तो वड्डर रामय्या कोठे आहे? वड्डर म्हणजे दगड फोडणारा. आपल्या गुरूला असे म्हटलेले ऐकून कामकऱ्यांनी प्रभूंवर दगड फेकले. सिद्धराम धावत आले, त्यांचाही क्रोध पेटला. ज्याने देवासाठी दरीत देह टाकावयाचे ठरविले, ज्याने गावासाठी तळे बांधले, त्याला एका शब्दाने आग लावली! तळ्यात पाणी होते, पण मनात अजून वणवाच होता. प्रभूंनी त्यांना पुढे कल्याणास नेले आणि तेथे चन्नबसवण्णांकडून सिद्धरामांना इष्टलिंग मिळाले. ६८ लिंगे स्थापिलेल्या पुरुषाच्या हाती एक लहानसे लिंग ठेवण्यात आले. आमच्या मते सगळ्या वचनवाङ्मयात एकांताविषयी याहून मोठा धडा नाही. वनात जाऊन जे पुरते हाती लागले नाही आणि परत येऊन लोकसेवेतही जे पुरते लागले नाही, ते तळहातावर शोधावयाचे होते.

करस्थल म्हणजे तरी काय? डाव्या हाताचा तळवा. त्यावर इष्टलिंग, त्यावर दृष्टी, आणि भोवती जे आहे ते तसेच राहू द्यावयाचे. पुष्कळ भक्त तक्रार करतात की घरात पूजेला बसले की कुकरची शिट्टी, मुलांचा दंगा, दारात गिऱ्हाईक. आम्ही म्हणतो, तेवढे राहणारच. पहाटेचा अर्धा तास निवडावा. फोन दुसऱ्या खोलीत ठेवावा. पहिली दहा मिनिटे मन दुकानच मांडते, उधारी आठवते, कोणी टाकून बोललेले शब्द आठवतात. त्यांना हाकलू नये, त्यांच्यामागे जाऊही नये. दृष्टी पुन्हा लिंगावर आणावी. असे शंभर वेळा आणावे लागले तर त्या शंभर वेळा म्हणजेच त्या दिवशीची पूजा. पंधरा-वीस दिवसांत काही चमत्कार होणार नाही. दोन-तीन महिन्यांनी घरातले लोक सांगतील की हल्ली तुम्ही पटकन चिडत नाही. स्वतःला ते उशिरा कळते.

याच्या जोडीला कायक हवे. मोळिगे मारय्यांची कथा पाहा. परंपरा म्हणते ते काश्मीरचे राजे. राज्य सोडून पत्नी महादेवींसह कल्याणास आले आणि लाकडाची मोळी विकू लागले. राजाने राज्य सोडले तर तो वनात जाईल अशी आपली अपेक्षा. हेही वनात जात, पण रोज सकाळी, आणि मोळी डोक्यावर घेऊन परत बाजारात येत.

आता अक्कांचा प्रश्न, जो बाकी राहिला होता. अक्का गेल्या आणि परत आल्या नाहीत, हे खरे आहे. ते झाकण्याचे कारण नाही. पण त्या कशा गेल्या ते पाहावे. उडुतडीहून निघाल्या त्या थेट कदलीवनात गेल्या नाहीत. आधी कल्याणास, माणसांत आल्या. अनुभवमंटपात अल्लमप्रभूंनी त्यांची खडतर परीक्षा घेतली, भर सभेत नको ते प्रश्न विचारले, आणि त्यांनी प्रत्येकाचे उत्तर दिले. शरणांनी त्यांना अक्का, म्हणजे थोरली बहीण मानले. मग त्या सर्वांचा निरोप घेऊन श्रीशैलास निघाल्या. ज्याला जगाकडून काही घ्यावयाचे उरले नाही आणि काही चुकवावयाचेही उरले नाही, त्याला डोंगर ठेवून घेत असेल. असे किती? आठशे वर्षांत फारच थोडे, असे समजावे.

आणखी एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे, कारण या मासिकाच्या वाचकांत भगिनीही पुष्कळ आहेत. अक्कांनी कौशिकाचा वाडा सोडला ते वनाच्या ओढीने नव्हे. तेथे त्यांच्या देहावर आणि निष्ठेवर जबरदस्ती होत होती. ज्या बाईला घरात मारहाण सोसावी लागते तिने घर सोडले तर ते संसारातून पळणे नव्हे. तिला कायक आणि सहनशीलता यांचे प्रवचन कोणी देऊ नये. मठाचे दार अशा भगिनीला उघडे असले पाहिजे. एखाद्या ठिकाणी नसेल तर तो त्या मठाचा दोष. शांतीचा उपदेश कोणाला करावयाचा याचा विवेक सुटला की उपदेशच जुलूम होतो.

संध्याकाळी आम्ही त्या गृहस्थांच्या घरी गेलो. त्यांच्या सौभाग्यवतींना सर्व ठाऊकच होते. नवरा महिनाभर जंगलाचे बोलत असताना बायकोला कळत नाही असे पुरुषांनाच वाटते. त्यांनी पाणी दिले आणि बाजूला उभे राहून म्हणाल्या, "जाऊ द्या त्यायले, महाराज. मी नाही आडवत. पण परत कवा येतीन ते तारीख सांगून जा म्हणा. मले पोराले काय सांगाचं ते तरी कळन."

वाचकहो, या एका वाक्यात आमचा सगळा दिवसभराचा निरूपणाचा खटाटोप बसला होता. तारीख न सांगता जो जातो तो मागे राहिलेल्यांना कोणत्या अवस्थेत ठेवतो? पत्नी ना सधवा ना विधवा. कायद्याने सात वर्षे ठावठिकाणा लागला नाही तरच तो मनुष्य मृत धरता येतो. तोपर्यंत शेताच्या कागदावरचे त्याचे नाव, बँकेतले खाते, मुलीच्या लग्नात पित्याची जागा, सगळे अधांतरी राहते. उपनिषदातील याज्ञवल्क्यांनीसुद्धा निघण्यापूर्वी मैत्रेयीपाशी तिच्या आणि कात्यायनीच्या वाटणीचा विषय काढला होता, चुपचाप पहाटे निघून गेले नव्हते. १९९४ साली त्या चेंचू गृहस्थाने आम्हाला विचारलेला प्रश्न आणि त्या माउलीचा प्रश्न एकच आहे. आमच्या आईने ते चाळीस दिवस कसे काढले हे आम्ही तिला कधी विचारले नाही. आता ती नाही.

त्या रात्री ठरले ते असे. झोपडीचा विचार सोडावयाचा नाही, पण पुढे ढकलावयाचा. संत्र्याची तोड आटोपली की गृहस्थांनी एकवीस दिवस श्रीशैलास राहून यावे. परतीचे तिकीट आधीच काढून पत्नीजवळ द्यावे. तोवर रोज पहाटे अर्धा तास करस्थलपूजा करावी. त्यांच्याकडे इष्टलिंग होते. लग्नात मिळालेले, कपाटात ठेवलेले. सौभाग्यवतींनी ते काढून आणले. करडा फुटलेला होता, दोरा बदलावा लागला.

माघात निरोप आला. एकवीस दिवस ठरले होते, पण पंधराव्या दिवशीच गृहस्थ घरी पोचले. का, ते त्यांनी कळविले नाही आणि आम्ही विचारलेही नाही. निरोपात इतकेच होते की बागेत डिंक्याने काही झाडे धरली आहेत, बुंध्यांना बोर्डो मलम लावणे चालू आहे, आणि पहाटे पाच ते साडेपाच त्यांचा फोन लागणार नाही, म्हणून महाराजांनी त्या वेळी करू नये.